न दाबलेली फुली

१

'या नावाची नोंद नाही.'

स्क्रीनवर एवढंच आलं. नोंदणीच्या ताईंनी नाव पुन्हा टाइप केलं, मग आडनाव आधी घालून केलं, मग जन्मतारीख घालून शोधलं. समोर बसलेली मुलगी बघत होती. किडनीसाठी थांबलेल्या माणसांच्या यादीतून तिच्या वडिलांचं नाव साफ गेलं होतं.

तिचे वडील म्हणजे क्लचमास्तर. खरं नाव फक्त कागदोपत्री. अर्ध्या शहराला त्यांनी गाडी चालवायला शिकवली आणि जन्मभर शेजारच्या सीटवर बसून एकच धोशा लावला, क्लच हळू सोडा. तेच नाव चिकटलं. डायलिसिसवर वर्षं काढून अखेर त्यांचा नंबर आपल्या रक्तगटात पहिला आला होता. पुढची जुळणारी किडनी त्यांना मिळायची होती. ती आली, जुळणारी होती, आणि ती पुढच्याच माणसाला बसवून झाली होती. मास्तरांच्या घरचा फोन वाजलाही नाही.

मला बोलावलं ते त्यानंतर. मी संगणकप्रणाली तपासते. कुठे पैसे गळतात, कुठे माहिती गळते, कोण दुसऱ्याच्या पासवर्डने आत शिरतं, हे शोधून काढायचं आणि कोणाला आवडणार नाही असा अहवाल लिहायचा. माझा नवरा म्हणतो की मी आरशावरही पुरावा मागितल्याशिवाय विश्वास ठेवत नाही. त्याला त्याचा फायदाही होतो, पण ते तो कबूल करत नाही.

रुग्णालयाचे मोठे साहेब खुर्चीत मावत नव्हते इतके अस्वस्थ होते. "मॅडम, समितीचा नियम तुम्हाला माहीत असेलच. एकदा नाव कमी झालं की ते पुन्हा आजच्या तारखेने चढतं. म्हणजे सगळ्यांत शेवटी. वशिलेबाजी होऊ नये म्हणून आम्हीच केलेला नियम."

"म्हणजे मास्तर आता शेवटचे?"

"नाव कसं गेलं ते तुम्ही सिद्ध केलंत तर समिती जुनी जागा परत देईल. पण कोणी मुद्दाम काढलं असेल तर पोलीस येतील, यादी गोठेल, मग सगळंच वर्षानुवर्षं लोंबकळणार." ते थांबले. "आणि मास्तरांना तेवढा वेळ नाहीये. डॉक्टर स्पष्ट बोललेत."

"नोंद काय म्हणते? नाव कोणी काढलं?"

"ताईंच्या लॉगिनने निघालंय. त्यांच्याच खोलीतल्या संगणकावरून."

"आणि किडनी कोणाला मिळाली?"

साहेबांनी चष्मा काढला आणि पुसायला लागले. तो स्वच्छच होता.

"ताईंच्या धाकट्या दिराला," ते म्हणाले.

२

नोंदणीची खोली लहान होती. एक टेबल, दोन खुर्च्या, खिडकीत एक कुंडी. संगणकाला आता कागदी पट्टी चिकटवून कुलूप घातल्यासारखं केलं होतं, आणि ताई त्याच्यासमोर हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. कामावरून काढलेलं नव्हतं, पण कामही दिलेलं नव्हतं. पन्नाशीच्या आसपासची, नीटनेटकी बाई. डोळे सुजलेले.

"मी दाबलं नाही," मी काही विचारायच्या आधीच त्या म्हणाल्या.

"नाव कमी कसं करतात ते सांगा."

"प्रत्येक माणसाची एक ओळ. नाव, रक्तगट, नंबर आणि नंबराच्या अगदी शेजारी छोटी लाल फुली. फुली दाबली की मोठी चौकट उघडते. 'हे नाव कायमचं कमी करायचं, नक्की?' मग 'हो' दाबावं लागतं. चुकून होण्यातलं नाही ते. कोणी गेलं की मी ते करते, आणि दर वेळी 'हो' दाबण्याआधी ते नाव पुन्हा एकदा वाचते. मला आठवणार नाही असं होईल का?"

"पासवर्ड कोणाला माहीत आहे?"

"कोणालाच नाही. जागेवरून उठताना मी यंत्र बंद करते."

स्वतःच्या गळ्यात फास अडकवायचा तर तो असा. मी त्यांना एखादी फट ठेवायला वाव देत होते आणि त्या एकेक फट स्वतःच लिंपत होत्या. खोटं बोलणारी माणसं असं करत नाहीत. पण अतिशहाणी खोटारडी माणसं करतात, हेही मी पाहिलेलं आहे.

"तुमचा दीर मास्तरांच्या मागे दुसरा होता."

"हो. मी ते पहिल्या दिवशीच साहेबांना सांगितलं होतं. म्हणून त्या रक्तगटाची किडनी आली की वाटपाच्या कामात मी नसते, दुसरे डॉक्टर बघतात. दिराला फोन आला तेव्हा मी घरीच होते."

"तुम्हाला माहीत होतं की मास्तर पहिले आहेत. मग दिराला फोन कसा, असं वाटलं नाही?"

त्यांनी खिडकीकडे पाहिलं. "वाटलं. मास्तरांना ताप असेल, तब्येत बरी नसेल. असं होतं कधीकधी, मग पुढच्याला बोलावतात. मी विचारायला हवं होतं. पण घरात सगळे रडत होते, हसत होते. जाऊबाई माझ्या गळ्यात पडली होती. मी नाही विचारलं."

हे मात्र त्यांनी नसतं सांगितलं तरी चाललं असतं. मी नोंद पुन्हा काढली. नाव कधी निघालं त्याचा दिवस आणि वेळ मी त्यांना वाचून दाखवली आणि विचारलं की त्या वेळी त्या कुठे होत्या.

ताईंनी दिवस आठवला, आणि त्यांचा चेहरा उतरला.

"इथेच होते," त्या म्हणाल्या. "पण मी एकटी नव्हते. मास्तरांची मुलगी होती समोर. मी तिला त्यांचा नंबर दाखवत होते."

३

मास्तरांची मुलगी कवळ्या बनवते. तिच्या कामाच्या टेबलावर गुलाबी हिरड्यांमध्ये बसवलेले दात ओळीने वाळत ठेवले होते, कोणाचे तरी हसू माणसाविना. तिने मला बसायला स्टूल दिलं आणि हातातली कानस चालूच ठेवली.

"ती बाई जेलमध्ये गेली पाहिजे," ती म्हणाली.

"मग मला मदत करा. त्या दिवशी काय झालं ते सांगा."

"दर आठवड्याला जाते तशी गेले. ताई म्हणाल्या, आनंदाची बातमी आहे, बाबा पहिले आले. मला खरं वाटेना. मी म्हटलं, दाखवा ना. त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली, फक्त बाबांची ओळ, बाकीच्यांची नावं झाकलेली असतात. माऊसने ओळीवरून नेत नेत नंबरापाशी आणून थांबवलं. बघा, एक."

"मग?"

"मग मी म्हटलं, जरा तसंच राहू द्या." तिची कानस थांबली. "फोटो काढला. बाबांना दाखवायला."

तिने फोन पुढे केला. फोटोत ओळ स्पष्ट होती. मास्तरांचं नाव, रक्तगट, मग ठळक एक, आणि त्या एकाच्या अंगाला टेकलेला माऊसचा छोटा पांढरा हात, बोट वर करून दाखवणारा. बाकी ओळीत काहीच नव्हतं. फोटोची वेळ नोंदीतल्या वेळेला अगदी लागून होती.

"नाव नेमकं याच वेळी निघालंय. ताईंनी काही दाबलं का? एखादी चौकट उघडली का?"

"नाही."

"तुमची नजर हलली असेल."

"मॅडम, मी दिवसभर दातांच्या कडा बघते. केसाएवढा फरक मला दिसतो. आणि ते तर बाबांचं नाव होतं. मी डोळे फाडून बघत होते. काही दाबलं नाही, काही उघडलं नाही, मी उठले तेव्हा नाव तिथेच होतं."

ती जे म्हणाली त्याचा अर्थ तिच्याही ध्यानात आला. तिने कानस खाली ठेवली.

"म्हणजे ती सुटणार? माझ्याच साक्षीने?"

"तुम्ही खरं सांगितलंत."

"मग खोटं सांगू का? म्हणू का, मी पाहिलं तिने दाबताना?" आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता. "कोणाला तरी धरायला नको का? बाबा रोज विचारतात, काय झालं म्हणून. मी काय सांगू? नाव होतं, मी बघत होते, आणि माझ्या डोळ्यांदेखत ते होतं तिथेच राहून गेलं?"

साक्षीदार दोन, दोघींचं एकमेकींशी वैर, आणि दोघींची साक्ष तंतोतंत जुळत होती. न जुळणारं फक्त यंत्र होतं. आणि यंत्राला बाजू घेण्याचं काही कारण नसतं.

४

मग मी यंत्र बांधणाऱ्यांकडे वळले. ते दोघे होते.

हल्लीचा माणूस आधी भेटला. स्वतःला वेगवाला म्हणवून घेणारा, गुळगुळीत टेबलामागचा गुळगुळीत गृहस्थ. रुग्णालयाची प्रणाली फार रखडते अशी तक्रार आली म्हणून त्याला काम दिलेलं, आणि मास्तरांचं नाव गेलं त्याच आठवड्यात त्याचा बदल चालू झालेला. त्याचा पासवर्ड सर्व्हरपर्यंत पोचत होता, त्यामुळे माझ्या संशयाच्या यादीत तो चांगलाच वर होता.

"नावांना मी हात लावलेला नाही," त्याने आधीच कानांवर हात ठेवले. "मी फक्त वेग दिला. बघा, हल्ली बहुतेक जण सगळा बोजा वापरणाऱ्याच्या ब्राउझरवर टाकतात. तिथे जुळवाजुळव करत बसायची, जुना संगणक असला की धापा टाकतो. तुमच्या रुग्णालयाची पानं तशी नाहीत. ती सर्व्हरवरच पूर्ण तयार होतात आणि शिजवून वाढलेली येतात. ब्राउझरने नुसती समोर ठेवायची. उत्तम पद्धत. मी तीच ठेवली."

"मग रखडत का होती?"

"दर क्लिकला सर्व्हरपर्यंत हेलपाटा. मी तो हेलपाटा लपवला. माणूस क्लिक करायच्या आधीच पुढचं पान मागवून मागे तयार ठेवतो. तो क्लिक करतो न करतो तोच पान हजर. लोकांना वाटतं जादू."

"माणूस कशावर क्लिक करणार ते तुम्हाला आधी कसं कळतं?"

"अंदाज," तो मिश्कील हसला. "धंद्याचं गुपित म्हणा. माझी इतरही गिऱ्हाइकं हेच वापरतात, तीन रुग्णालयं आहेत त्यात. एकाचीही तक्रार नाही."

मला त्याचं हसणं आवडलं नाही, पण हसण्यावरून कोणाला धरता येत नाही.

दुसरा होता जुना, म्हणजे ज्याने मुळात प्रणाली बांधली तो. आता दुसऱ्याच कामात होता आणि फोनवर सावधपणे बोलत होता.

"फुली? ती साधी लिंक आहे हो. पान मागायची असते तशी. सर्व्हरकडे तो पत्ता मागितला की सर्व्हर नाव कमी करतो आणि यादी परत पाठवतो."

"आणि 'नक्की?' विचारणारी चौकट?"

"ती पानावर बसवली. क्लिक केलं की उघडते, लाल, मोठी. कोणाची चूक होऊ नये म्हणून मुद्दाम मोठी केली." तो घुटमळला. "खरं तर कमी करायला लिंक नको होती, वेगळं बटण हवं होतं. पद्धत तशीच आहे. पण चौकट होती ना वर. इतकी वर्षं कधी काही झालं नाही."

हे खरं होतं. इतकी वर्षं काही झालं नव्हतं. म्हणून मी एक साधी गोष्ट तपासली, जी पहिल्याच दिवशी तपासायला हवी होती. वेग दिल्यापासून ताईंच्या लॉगिनने किती नावं कमी झाली आणि त्यांतली किती माणसं खरोखर वारलेली होती, ते ताडून पाहिलं.

मास्तर एकटे नव्हते. आणखी तिघांची नावं गेली होती. तिघंही जिवंत, तिघांचे रक्तगट वेगवेगळे, आणि त्यांच्या जाण्याने ताईंच्या दिराला काडीचाही फायदा नव्हता. कोणालाच नव्हता. कोणी ते अजून शोधलं नव्हतं, कारण त्यांच्यासाठी अजून किडनी आली नव्हती आणि नंतर कोणी त्यांचा नंबर पुन्हा बघितला नव्हता.

रात्रंदिवस एकाच माणसाचा हेतू शोधत बसले होते मी. आता हेतूच उरला नाही.

५

मी ती नावं घेऊन ताईंकडे गेले. समोर कागद ठेवला.

"या चौघांत सारखं काय आहे?"

ताईंनी वाचलं. पहिल्यांदा त्यांना फक्त धक्का बसला, आणखी तिघं म्हणून. मग त्या एकेका नावावर थांबून बोलू लागल्या. ही सुतारकाम करणाऱ्याची बायको, नवरा दर पंधरवड्याला येतो, उभा राहूनच बोलतो. हा शाळेत शिपाई, याची आई येते, तिला वाचता येत नाही, पण बघितल्याशिवाय जात नाही. ही एकटी आहे, स्वतःच येते.

"आणि बाकीचे? यादीत इतकी माणसं आहेत."

"बाकीचे फोन करतात. फोनवर मी नंबर वाचून सांगते."

"आणि जे येतात?"

"त्यांना दाखवते. सांगितलेलं माणसाला खरं वाटत नाही हो मॅडम. नंबर डोळ्यांनी बघितला की जरा तरी बरं वाटतं त्यांना. तेवढंच माझ्या हातात आहे."

येणाऱ्यांची नावं जात होती. फोन करणाऱ्यांची राहत होती. मी त्यांना म्हटलं, कसं दाखवता ते मला दाखवा, पण या यंत्रावर नाही.

साहेबांकडून मी प्रणालीची नक्कल मागवून घेतली होती, खोट्या नावांची, स्वतंत्र संगणकावर. ताई तिच्यासमोर बसल्या. मी समोरच्या खुर्चीत, नातेवाईक म्हणून. त्यांनी एक खोटं नाव शोधलं, स्क्रीन माझ्याकडे वळवली, माऊस नावाखालून, रक्तगटाखालून हळूहळू नेला आणि नंबरापाशी आणून थांबवला. अगदी सवयीने. नंबर झाकला जाऊ नये म्हणून त्याच्या किंचित उजवीकडे.

"बघा, तुमचा नंबर," त्या म्हणाल्या.

"हात काढा माऊसवरून. काही दाबू नका."

त्यांनी हात काढला. स्क्रीनवर बाण नव्हता. त्याच्या जागी छोटा पांढरा हात होता, बोट वर केलेला. आणि लाल फुली कुठेही दिसत नव्हती.

माऊसचा बाण आपला आपण हात कधी होतो? लिंकवर आला की. रोज हजार वेळा आपण ते बघतो आणि बघत नाही. मुलीच्या फोटोतही तो हात होता, आणि फुली नव्हती. कारण फुली त्या हाताखाली होती. मला ते समोर असून दिसलं नव्हतं, कारण ते चित्र फार छान होतं. एक नंबर, आणि त्याच्याकडे दाखवणारं बोट.

"आता नाव पुन्हा शोधा," मी म्हणाले.

ताईंनी टाइप केलं. 'या नावाची नोंद नाही.'

त्या किंचाळल्या नाहीत. फक्त खुर्ची मागे सरकवून त्या यंत्रापासून लांब झाल्या, तापलेल्या तव्यापासून व्हावं तशा.

त्या दुपारी मी साहेबांना आणि वेगवाल्याला एकत्र बसवून सगळं उलगडून सांगितलं. वेगवाल्याचा अंदाज म्हणजे काय, तर माऊस एखाद्या लिंकवर क्षणभर थांबला की हा त्यावर क्लिक करणार असं धरायचं आणि त्या लिंकमागचं पान गुपचूप मागवून ठेवायचं. हॉटेलात तुमची नजर पाटीवर पडताच वेटरने पदार्थ आणायला धावावं तसं. पानं नुसती वाचायची असतील तर यात काहीच बिघडत नाही. नाही मागितलं तर टाकून द्यायचं.

पण जुन्याने फुलीची लिंक अशी केली होती की ते पान मागणं म्हणजेच नाव कमी करणं. त्याची 'नक्की?' विचारणारी चौकट पानावर होती, क्लिकची वाट बघत. क्लिक झालंच नाही, त्यामुळे ती उघडलीच नाही. सर्व्हरला कोणी 'नक्की?' विचारायला शिकवलंच नव्हतं. त्याने ताईंच्या लॉगिनने आलेली मागणी पाहिली आणि निमूट पाळली. समोरचं पान तसंच राहिलं, कारण नवीन पान मागे झाकून ठेवलेलं होतं. म्हणून नाव डोळ्यांसमोर होतं, आणि नव्हतंही.

"पण स्वतः ताई कोणी वारल्यावर फुलीवर जातात तेव्हा?" साहेबांनी विचारलं.

"तेव्हाही नाव आधीच गेलेलं असतं. मग त्या 'हो' दाबतात. कोणाला संशय यायचं कारणच नाही."

वेगवाल्याच्या चेहऱ्यावरचा गुळगुळीतपणा गेला होता. "माझं काम एकटं बघितलं तर बरोबर आहे," तो म्हणाला. मी म्हटलं, हो, बरोबर आहे. जुन्याचंही इतकी वर्षं बरोबरच होतं. आणि ताई तर फक्त मायेने वागत होत्या. त्याने रुमाल काढून कपाळ पुसलं आणि विचारलं की बाकीच्या रुग्णालयांना आजच कळवू का. मी म्हटलं, आत्ता, इथून.

"म्हणजे गुन्हेगार कोणीच नाही?" साहेब म्हणाले. त्यांच्या आवाजात सुटका होती, आणि मला त्याचा संताप आला.

६

समितीने दोनच दिवसांत निर्णय दिला. चौघांच्याही जुन्या जागा परत. मास्तर पुन्हा पहिले.

त्याच संध्याकाळी डॉक्टरांचा निरोप आला. डायलिसिसच्या नळीतून जंतुसंसर्ग झाला होता आणि तो हृदयापर्यंत गेला होता. शस्त्रक्रिया आता त्यांना सोसणारी नव्हती. उद्या किडनी आली तरी नाही. परवा आली तरी नाही. यादीत पहिलं नाव त्यांचंच होतं आणि त्याचा उपयोग यादीलाच होता.

दुसऱ्या दिवशी ताई माझ्या दारात उभ्या राहिल्या. आत यायलाही तयार नव्हत्या.

"अहवाल गेला का?"

"उद्या जाईल."

"मॅडम, माझ्या हातून चुकून दाबलं गेलं असं लिहा. मी सही करते."

"का?"

"कारण तुम्ही खरं लिहिलंत तर त्यात असं येणार की ती बघत असताना गेलं. तिने तसंच राहू द्या म्हटलं तेव्हा गेलं. ते तिला वाचावं लागेल. त्यापेक्षा तिने मला शिव्या घातलेल्या बऱ्या. मला सवय झालीय आता."

मी त्यांना आत ओढून बसवलं. सांगितलं, अशी प्रणाली आणखी किती ठिकाणी चालू असेल कोण जाणे. चुकून दाबलं असं लिहिलं तर कोणी काही बदलणार नाही आणि कुठेतरी आणखी एखादी ताई आणखी कोणाला तरी नंबर दाखवत बसेल. त्यांना ते पटलं. पटलं म्हणून त्या रडल्या. माझ्याकडे त्यांना द्यायला पाण्याच्या पेल्याशिवाय काही नव्हतं.

अहवाल पोचण्याआधी मी स्वतः जाऊन सांगायचं ठरवलं. एवढी तरी हिंमत दाखवणं भाग होतं.

मास्तरांचं घर दुसऱ्या मजल्यावर. ते पलंगावर उशांना टेकून बसले होते, श्वास तोकडा, डोळे मात्र खट्याळ.

"या. ब्रेक कोणी दाबला कळलं का?"

"कोणीच नाही, मास्तर."

मी सगळं सांगितलं. मुलगी दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होती. फोटोपाशी आले तेव्हा मी तिच्याकडे न बघता पुढे गेले. मास्तर लक्ष देऊन ऐकत होते. मध्येच त्यांनी विचारलं की म्हणजे माणसाने पायडलकडे नुसतं पाहिलं की गाडी सुटायची, असं का. मी हो म्हटलं. असली गाडी रस्त्यावर आणू नये, ते म्हणाले, आणि दम लागून जरा थांबले.

"तो ताईंचा दीर. त्याचं कसं आहे?"

"बरं आहे. घरी सोडलंय. चालतोय."

"वय काय?"

"चाळिशीतला असेल. दोन मुलं आहेत."

"मग झालं," मास्तर म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.

मुलगी मला जिन्यापर्यंत सोडायला आली. बाहेर आल्यावर तिने दार ओढून घेतलं.

"ते मग झालं म्हणतात," ती म्हणाली. "माझं होत नाही."

"तुमचा काही दोष नाही त्यात."

"माहितीये. ताईंचाही नाही. त्या दोघांचाही नाही, तुम्ही सांगितलंत तसं. कोणाचाच नाही." ती कठड्याला धरून उभी होती. "ताईंना कामावर घेतलं ना परत?"

"घेतलं."

"बरं झालं."

खाली कोणाच्या तरी घरी भांडी घासल्याचा आवाज येत होता. मला वाटलं ती रडेल, म्हणजे मला तिच्या खांद्यावर हात तरी ठेवता येईल. ती रडली नाही.

"मी दर आठवड्याला तिथे का जायचे माहितीये?" ती म्हणाली. "नंबर फोनवरही कळला असता. पण घरात बसून बाबांसाठी करण्यासारखं काही उरलं नव्हतं. औषधं नर्स देते, डायलिसिस मशीन करतं. म्हटलं, निदान जाऊन बघून तरी येऊ. तेवढंच करत होते मी. फक्त बघत होते."

आतून मास्तरांनी हाक मारली. त्यांना कूस बदलायची होती आणि एकट्याने ते जमत नव्हतं. ती लगेच वळली आणि आत गेली.